मोटारीचा फेरफार



बाहेर मोगरा फुललेला असताना विम्याच्या हप्त्यासारखा रुक्ष विषय घेऊन आपणांपुढे यावे, हे रसिकतेला धरून झाले असे मी म्हणणार नाही. परंतु बारामती आणि इंदापूर या आपल्या दोन तालुक्यांत दारापुढे एखादे वाहन उभे नाही असे घर आता शोधावे लागते. आणि घरी आणल्यावर मालकाने ज्याला आपल्या गरजेचा किंवा हौसेचा हात लावलेला नाही असे वाहनही शोधावेच लागते. दिवाळी सरते, कारखान्यांची धुराडी पेटतात आणि ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या रस्त्याला लागतात. त्यांच्या फळ्या लोहाराकडून वाढवून घेतलेल्या असतात. आषाढ जवळ आला की तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने जाते, आणि तिच्या मागेपुढे दिंड्यांचे ट्रक चालतात. त्यांत खाली सामान आणि वर फळ्या टाकून केलेला माणसांचा माळा. गावातील पेट्रोलची मोटार गॅसवर होते, कोणाची जीप लांबते, कोणाच्या गाडीला मोठी चाके येतात. या सर्व फेरफारांना पैसे किती पडले ते मालक चोख सांगतो. पण या फेरफाराने विम्याचा हप्ता किती बदलला आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे विम्याचे संरक्षण किती उरले, असे विचारले तर तो आपल्या तोंडाकडे पाहू लागतो. आज मला त्या प्रश्नाचा इतिहास सांगावयाचा आहे.

‘फेरफार’ हा शब्द मी मुद्दामच घेतला. शेतकऱ्याला त्याचा अर्थ शिकवावा लागत नाही. जमीन विकली, वाटणी झाली, वारस लागले, की तलाठ्याकडे गाव नमुना सहामध्ये फेरफाराची नोंद व्हावी लागते; ती झाली नाही तर जमीन कसणारा एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे, असा घोळ पिढ्यान्‌पिढ्या चालतो. नोंद न झालेला फेरफार खोटा असतो असे नव्हे, पण अडचणीच्या दिवशी तो आपल्या बाजूने बोलत नाही. मोटारीलाही असाच एक सातबारा आहे. त्याचे एक पान नोंदणी कार्यालयात, म्हणजे आपल्याकडे एम.एच. ४२ हे अक्षरांक देणाऱ्या बारामतीच्या कचेरीत असते आणि दुसरे पान विमा कंपनीकडे. गाडी बदलली आणि ही दोन पाने बदलली नाहीत, तर काय होते, हे पाहणे हाच आजच्या व्याख्यानाचा हेतू.

प्रथम विम्याच्या स्वभावाकडे पाहू. विमा ही कल्पना साहेबाने आणली असा आपला समज असतो, पण तो अर्धवट आहे. पश्चिम किनाऱ्यावरील व्यापाऱ्यांमध्ये ‘जोखमी हुंडी’ नावाचा व्यवहार पूर्वीपासून होता. माल गलबतात चढविताना व्यापारी त्या मालावर हुंडी विकून पैसे घेई. माल बंदरास सुखरूप पोहोचला तर हुंडी पटावयाची, गलबत बुडाले तर हुंडी बुडावयाची. हुंडी घेणारा गलबताला कधी हातही लावीत नसे. गलबत कसे आहे, माल कोणता आहे, कोणत्या मोसमात निघाले आहे, हे सर्व त्याला सांगण्यावरून कळणार. तेव्हा त्याचा सारा व्यवहार वर्णनावर चाले. विमा आजही वर्णनाचाच सौदा आहे. विमा कंपनी आपल्या दारातील गाडी विकत घेत नाही. कागदावर लिहिलेल्या गाडीची जोखीम घेते.

इंग्लंडात हे तत्त्व १७६६ साली न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी एका खटल्यात स्वच्छ मांडले. सुमात्रा बेटावरील मार्लबरो किल्ल्याच्या गव्हर्नराने किल्ला शत्रूच्या हाती पडण्याच्या धोक्याचा विमा उतरविला होता. १७६० साली फ्रेंचांनी तो किल्ला घेतला, तेव्हा विमा घेणारा म्हणाला की किल्ल्याचा दुबळेपणा मला सांगितला नाही. मॅन्सफील्ड यांनी सांगितले, की विमा हा परम सद्‌भावाचा करार आहे. ज्या गोष्टी केवळ विमेदारालाच ठाऊक असतात त्या त्याने दडवू नयेत. पण या निकालाचा दुसरा अर्धा भाग फारसा कोणी सांगत नाही. निकाल गव्हर्नराच्या बाजूने लागला! कारण जे विमा कंपनीला स्वतःला ठाऊक होते किंवा सहज कळण्यासारखे होते, त्याबद्दल हप्ता घेताना गप्प बसून पैसे देताना तिने तक्रार करावी, हेही सद्‌भावाविरुद्धच आहे. ही दुधारी तलवार ध्यानात ठेवावी. पुढे ती आपल्या उपयोगी पडणार आहे.

आता आपल्या रस्त्यांकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेचा डावा कालवा आला, त्यामागून ऊस आला आणि उसाच्या मागून यंत्र आले. १९३०च्या दशकात सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर साखर कारखाना उभारला व त्यातून वालचंदनगर वसले. या साखरेच्या कारखानदारानेच पुढे १९४४ साली मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटार कंपनी काढली, हे आपल्या तालुक्याने विसरू नये. स्वातंत्र्यानंतर १९५० व १९६०च्या दशकांत माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर येथे सहकारी कारखाने उभे राहिले. ऊस शेतातून काट्यावर नेण्यासाठी बैलगाडी होती. तिला रबरी टायर बसले, ती ‘टायरगाडी’ झाली. पुढे ट्रक आला, ट्रॅक्टर आला.

आपल्या देशात मोटारीतील फेरफार ही तरुण पोरांनी अलीकडे काढलेली टूम आहे, हा समज मात्र मनातून काढून टाकावा. आपल्याकडे मालमोटार जन्माला येई ती अर्धीच. कंपनी देई सांगाडा आणि इंजिन, म्हणजे चासी. वरची ‘बॉडी’ गावच्या सुतार-लोहारांनी बांधावयाची. एस.टी.च्या कित्येक गाड्यांच्या बॉड्या पुण्याजवळ दापोडीच्या कार्यशाळेतच बांधल्या गेल्या. १९४७ पासून महिंद्र कंपनीने मुंबईत विलिज जीप जुळविण्यास आरंभ केला, आणि या जीपगाडीला ग्रामीण भागात मागे बाके, वर टप, पुढे मोठे दिवे असे किती अवतार मिळाले याची गणती नाही. पुढे डिझेल स्वस्त म्हणून पेट्रोलच्या मोटारींत आणि जीपगाड्यांत डिझेल इंजिने बसली. तेव्हा फेरफार ही आपल्याकडे चैन नव्हती. ती एका गरीब देशाची काटकसर होती. विमा कंपन्यांनाही हे ठाऊक होते. म्हणून तर मालमोटारीच्या विम्यात चासीची किंमत आणि बॉडीची किंमत निराळी दाखविण्याची रीत पडली.

आता कायदा कसा आला ते पाहू. १९१४ चा हिंदुस्थानचा मोटार कायदा चालक, परवाना, नोंदणी यांच्यापुरता होता. रस्त्यावर चिरडलेल्या माणसाच्या भरपाईची हमी त्यात नव्हती. मोटारवाला श्रीमंत असला तर भरपाई, कफल्लक असला तर नशीब! इंग्लंडने १९३० च्या कायद्याने त्रयस्थाचा विमा सक्तीचा केला. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या आठव्या प्रकरणात ही सक्ती आली. पण मध्ये महायुद्ध आले, आणि ते प्रकरण प्रत्यक्ष अंमलात आले १ जुलै १९४६ रोजी. त्या दिवसापासून आपल्या देशात मोटारीच्या विम्याचे दोन भाग पडले, आणि फेरफाराचा परिणाम या दोन भागांवर अगदी निरनिराळा होतो.

पहिला भाग त्रयस्थाचा. मी रस्त्याने चाललो आहे, मला गाडीने उडविले. मी त्या करारावर सही केलेली नाही, त्या गाडीला काय जोडले हे मला ठाऊक नाही. मग मालकाने कंपनीपासून काही दडविले म्हणून माझ्या मुलाबाळांनी उपाशी का मरावे? म्हणून कायद्याने असे ठरविले, की त्रयस्थाविरुद्ध कंपनीने वाटेल ते आक्षेप घ्यावयाचे नाहीत; कायद्यात मोजून दिले आहेत तेवढेच घ्यावयाचे. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालीच हे पक्के केले. त्या मोजक्या आक्षेपांत गाडीचे जोडकाम म्हणावे असे एकच नाव आहे, ते म्हणजे मोटारसायकलची साईडकार! बाकीच्या फेरफारांचा उल्लेख तेथे नाही. मात्र विमा उतरविताना महत्त्वाची गोष्ट दडविली, हा आक्षेप आहे. पुढे १९८८ चा कायदा आला, तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि हीच चौकट त्यात कायम राहिली. जानेवारी २००४ मधील एका मोठ्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कराराचा भंग झाला एवढे म्हणून भागणार नाही. मालकाचा दोष आणि त्या भंगाचा अपघाताशी संबंध कंपनीने सिद्ध करावा. आणि सिद्ध झाला तरी पुष्कळदा कंपनीने त्रयस्थाला आधी पैसे द्यावेत व नंतर ते मालकाकडून वसूल करावेत. म्हणजे त्रयस्थ वाचला. मालक वाचला का? नाही. वसुलीची नोटीस त्याच्या दारावर लागते आणि ती रक्कम पाच-दहा हजारांची नसते. ती जमीन विकावयास लावणारी असते.

दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. येथे मध्ये कोणी त्रयस्थ नाही. करार दोघांचाच, आणि तेथे मॅन्सफील्डसाहेबांचा सद्‌भाव पुरता लागू होतो. या भागाचा हप्ता कसा ठरतो? १ जानेवारी १९७३ रोजी सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल व युनायटेड इंडिया अशा चार सरकारी कंपन्यांच्या हाती हा धंदा आला. दर ठरीव असत. कोणत्याही कचेरीत गेले तरी हप्ता सारखाच. या ठरीव दरांचे अखेरचे मोठे दरपत्रक १ जुलै २००२ पासून लागू झाले. ते वाचले म्हणजे फेरफाराची किंमत विमा कशी मोजतो हे आरशासारखे दिसते.

त्या दरपत्रकाने खाजगी मोटारींसाठी देशाचे दोन विभाग केले होते. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता अशी आठ मोठी शहरे पहिल्या विभागात आणि उरलेला सारा देश दुसऱ्यात. म्हणजे पुण्यात नोंदलेली गाडी एका दराने, बारामतीत नोंदलेली दुसऱ्या, थोड्या कमी दराने. समजा, पाच वर्षांच्या आतील, १२०० सीसीच्या इंजिनाची मोटार आहे आणि तिचे विम्यापुरते ठरलेले मूल्य ५ लाख रुपये आहे. पुण्याचा दर शेकडा ३.२८३, म्हणजे मूळ हप्ता १६,४१५ रुपये. आपला दर शेकडा ३.१९१, म्हणजे १५,९५५ रुपये. आता या गाडीला मालकाने ५० हजार रुपयांचा गॅसचा संच बसविला. दरपत्रक म्हणते, संचाच्या किमतीवर शेकडा ४ द्या, म्हणजे २,००० रुपये, आणि त्रयस्थाच्या भागासाठी वर ६० रुपये. २० हजारांचे गाणे वाजविण्याचे यंत्र व इतर विजेचे सामान बसविले, तर त्यावरही शेकडा ४, म्हणजे ८०० रुपये. फेरफार सांगण्याची वर्षाची किंमत ही इतकीच.

आणि प्रत्येक फेरफाराने हप्ता वाढतोच असेही नाही. मान्यताप्राप्त चोरी-प्रतिबंधक यंत्र बसविले, तर त्याच दरपत्रकाप्रमाणे स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात शेकडा अडीच सूट मिळे. मर्यादा ५०० रुपयांची. अपंग व्यक्तीसाठी गाडी खास बदलून घेतली आणि नोंदणी कार्यालयाने तशी नोंद केली असली, तर सूट शेकडा ५०! आपल्या उदाहरणात १५,९५५ चे ७,९७७ रुपये ५० पैसे झाले. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. विमा फेरफाराला शिक्षा करीत नाही. फेरफाराने जोखीम वाढली की हप्ता वाढतो, जोखीम घटली की घटतो, आणि समाजाला ज्याची कणव आहे तेथे दरपत्रकालाही कणव सुचते. १ जानेवारी २००७ पासून हे दर मोकळे झाले व कंपन्या आपापल्या हिशोबाने सूट देऊ लागल्या. त्यामुळे आज दोन कंपन्यांचे आकडे जुळणार नाहीत. पण हिशोबाची पद्धत समजण्यास ते जुने पत्रक अजूनही उत्तम गुरू आहे.

आता प्रश्न येतो, की ज्याने २,०६० रुपये वाचविण्यासाठी गॅसचा संच सांगितला नाही, त्याचे काय? त्याने वाचविले २,०६० आणि पणाला लावले ५ लाख. उन्हाळ्यात भर दुपारी गाडी पेटली, तपासनीस आला, त्याला पॉलिसीवर पेट्रोल आणि प्रत्यक्षात जळालेली टाकी गॅसची दिसली, तर पुढचा संवाद सांगावयास नको. त्यातून संच अनधिकृत असेल, त्या टाकीची दर तीन वर्षांनी व्हावयाची दाबाची परीक्षा झालेली नसेल, किंवा स्वयंपाकघरातील सिलिंडरच गाडीत ठेवलेला असेल, तर प्रकरण विम्याच्याही पलीकडे जाते.

नोंदणी कार्यालयाचे पान येथे विम्याच्या पानाला जोडलेले आहे. १९८८ च्या कायद्याचे ५२ वे कलम २००० साली बदलले. एका बाजूने त्याने गॅससारख्या इंधनावर गाडी करण्यास वाट मोकळी केली. दुसऱ्या बाजूने बजावले, की उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाने करू नये. गाडी भाडे-खरेदीवर असेल तर नोंदणीकृत मालकाची लेखी संमती हवी. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा असाच कडक अर्थ लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारास दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली.

आपल्यापैकी कोणी विचारील, की मग फेरफार वाईटच का? त्याचे उत्तर बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतच आहे. तेथील पियाजिओ कारखान्यातून १९९९ पासून ‘आपे’ नावाची तीनचाकी निघू लागली. ही आपे म्हणजे मुळात काय? इटलीत १९४६ साली व्हेस्पा स्कूटर निघाली. दोन वर्षांत तिच्या मागे दोन चाके आणि हौदा बसविला, ती आपे झाली! एका फेरफारातून जन्मलेली गाडी आज आपल्या गावोगावी भाजी, दूध आणि माणसे वाहते. फरक इतकाच, की कारखान्यातील फेरफाराची परीक्षा होते. तोल, ब्रेक, वजन, सारे तपासून तो नमुना मंजूर होतो. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन हे असल्या परीक्षांचे एक मोठे ठाणे आहे. रस्त्याकडेच्या गॅरेजातील कारागिराचा हात कदाचित तितकाच कुशल असेल. परंतु त्याच्या कामाची परीक्षा प्रथम होते ती रस्त्यावर, आणि तिचा निकाल पुष्कळदा पोलीस पंचनाम्यात वाचावयास मिळतो.

आता मी माझ्या विषयाच्या सर्वांत दुखऱ्या जागी येतो. ती मोटार नव्हे. ती ट्रॅक्टरची ट्रॉली. आपली जुनी टायरगाडी घ्या. बैल जुंपले असताना मोटार कायद्याला तिच्याशी कर्तव्य नव्हते. तिचे जू काढले, दांडी ट्रॅक्टरच्या हुकात अडकविली, आणि त्याच क्षणी कायद्याच्या दृष्टीने ती ‘ट्रेलर’ झाली. कारण मोटार वाहनाने ओढले जाणारे ते ट्रेलर, अशी सरळ व्याख्या आहे. एका पिनेचा हा फेरफार. पण त्यासरशी नोंदणी आली, विमा आला. ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणून मागील ट्रॉलीचाही झाला, असे धरून चालू नये. ट्रॉलीची नोंद निराळी, तिचा हप्ता निराळा, आणि मागे दोन जोडल्या तर दोन्ही सांगावयाच्या.

दुसरा फेरफार डोळ्यांना दिसत नाही; तो वापराचा फेरफार. ट्रॅक्टरची पॉलिसी काढली ती ‘शेतीकामासाठी’ म्हणून, तेव्हा हप्ता हलका पडला. पुढे तोच ट्रॅक्टर हंगामभर भाड्याने ऊस ओढतो, वाळू-खडी ओढतो, कधी लग्नाचे वऱ्हाडही ओढतो. २००४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले. ट्रॅक्टर-ट्रॉलीतून विक्रीचा भाजीपाला घेऊन जाणारा एक व्यापारी अपघातात दगावला. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामापुरता होता. न्यायालय म्हणाले, व्यापारासाठी माल नेणे हे शेतीकाम नव्हे. विमा कंपनी जबाबदार नाही. ट्रॅक्टर तोच, ट्रॉली तीच. काम बदलले आणि मृताच्या घरचा आधार गेला.

आणि ट्रॉलीत किंवा ट्रकवर बसलेल्या माणसांचे काय? मालवाहू गाडीतून मालाबरोबर जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यांना १९९४ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले. पण फुकट बसलेल्या प्रवाशाला ते नाही, हे डिसेंबर २००२ च्या निकालाने पक्के झाले. ट्रॅक्टरवर नोंदणीप्रमाणे बैठक एकच, चालकाची. मडगार्डवर बसलेला सोबती कागदावर नसतोच. मराठवाड्यातून येणारी ऊसतोडीची टोळी भरल्या मोळ्यांवर बसून कारखान्याकडे निघते. त्यातील एखादी बाई खाली पडून चाकाखाली आली, तर ती कोणाची नोकर? ट्रॅक्टरमालकाची, मुकादमाची, कारखान्याची, की नुसती फुकट प्रवासी? या एका प्रश्नाच्या उत्तरावर तिच्या पोरांच्या भरपाईचा वाद वर्षानुवर्षे चालू शकतो. दिंडीच्या ट्रकावर फळ्यांचा माळा बांधणाऱ्या भाविकाच्या मनात पाप नसते. परंतु माल वाहण्यासाठी विमा उतरविलेल्या गाडीत त्याने माणसांचा मजला चढविलेला असतो. तो फेरफार पॉलिसीला ठाऊक नाही. पांडुरंगाला भाव समजतो. पॉलिसीला फक्त लिहिलेले समजते.

येथे आपण मला थांबवून म्हणाल, “व्याख्यातेबुवा, सारा दोष आम्हां मालकांच्याच माथी का मारता? हप्ता घेताना कंपनी काही विचारीत नाही. फॉर्म एजंट भरतो, आम्ही दाखविलेल्या जागी सही करतो. साऱ्या मुलखाला ठाऊक आहे की येथील ट्रॅक्टर ऊस ओढतो; कंपनीलाच ते ठाऊक नाही?” हा आक्षेप खरा आहे, आणि मघाशी मी जी दुधारी तलवार ध्यानात ठेवा म्हटले ती याचसाठी. मॅन्सफील्ड यांचा निकाल गव्हर्नराच्या बाजूने लागला तो याच न्यायाने. आपल्या न्यायालयांनीही केवळ शब्दांवर बोट ठेवले नाही. १९९६ साली, परवान्याहून अधिक माणसे नेणाऱ्या एका मालमोटारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की ती जादा माणसे अपघाताला कारण झाली नव्हती. तेवढ्यावरून मालकाचा दावा समूळ नाकारता येणार नाही. २०१० साली खाजगी मोटार भाड्याने दिल्याच्या प्रकरणात सारा दावा न बुडविता शेकडा ७५ रक्कम देववली. म्हणजे अटीचा भंग झाला की सर्व गेले, असे नाही. भंग किती मुळाशी आहे आणि त्याने अपघात घडला का, हे पाहतात.

परंतु ही दया कोठे मिळते, ते पाहा. ती मिळते दिल्लीत, सर्वोच्च न्यायालयात, अनेक वर्षांनी! तोपर्यंत गाडी अंगणात गंजते, बँकेचा हप्ता थांबत नाही, आणि वकिलाची फी निराळी. न्यायालयाच्या दयेवर संसार आखणे म्हणजे वळवाच्या पावसावर ऊस लावणे होय. कालवा असताना ते का करावे?

म्हणून कंपनीकडून आपण एक मागितले पाहिजे आणि स्वतःकडून एक. कंपनीने आणि तिच्या एजंटाने आपल्या तालुक्यात फॉर्म भरताना मराठीत, तोंडाने, तीन प्रश्न विचारावेत: गाडीला काय जोडले, गाडी काय ओढते, गाडीत कोण बसते? उत्तर ऐकून हप्ता घ्यावा, आणि घेतल्यावर ते उत्तर माहीत नव्हते असे म्हणू नये. आणि आपण काय करावे? फेरफार करण्यापूर्वी नोंदणी कार्यालयाची संमती, केल्यावर नोंदणी-पुस्तकात नोंद, आणि त्याच आठवड्यात कंपनीला लेखी कळवून पॉलिसीवर नोंद. त्या कागदाची प्रत घरी सातबाऱ्याच्या शेजारी ठेवावी. ज्या फेरफाराला संमती मिळत नाही तो करू नये. कारण कोणत्याही हप्त्याने त्याचा विमा होत नाही.

जोखमी हुंडीच्या काळी गलबताला भोक पडले तर बुडणारा आपला माल असे. आज रस्त्यावर तसे राहिलेले नाही. आपल्या ट्रॉलीच्या वाढविलेल्या फळ्यांखाली दुसऱ्याचा मुलगा सायकलवरून शाळेत जात असतो, आणि आपल्याच मोळीवर दुसऱ्याची आई बसलेली असते. १९४६ साली जो सक्तीचा विमा आला तो मोटारवाल्याच्या सोयीसाठी नव्हे, तर या न बोलणाऱ्या माणसांसाठी. विम्याला गाडीचे खरे रूप सांगणे ही केवळ आपली पुंजी सांभाळण्याची युक्ती नव्हे. रस्त्यावरील शेजाऱ्याशी पाळावयाचे ते इमान आहे. जमिनीचा फेरफार नोंदला नाही तर भावाभावांत तंटा होतो. मोटारीचा फेरफार नोंदला नाही तर तंट्याला समोर भाऊही उरत नाही, उरते ती एखादी विधवा, हातात कागद घेऊन बसलेली.

येत्या हंगामात ट्रॉली जोडण्यापूर्वी आपल्यापैकी चारजणांनी जरी घरची पॉलिसी काढून, चष्मा लावून, एकदा वाचली, तरी या उन्हाळ्याच्या संध्याकाळी आपणांस येथे बसविल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.